तापमान वाढलं की समतोल कुठे सरकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कळव्यात अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका सल्फ्युरिक अॅसिडच्या प्लांटमध्ये शिफ्ट केल्या. रासायनिक समतोलाचा धडा सुरू झाला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. वर्गात, व्हॉट्सअॅपवर, कधी रिक्षाच्या रांगेतसुद्धा. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मूळ मुद्दा एकच आहे: तापमान दोन वेगळी कामं करतं. माल किती बनणार हे ते ठरवतं आणि किती लवकर बनणार हेही तेच ठरवतं. ही दोन कामं डोक्यात एकमेकांत मिसळली की पुढचं सगळं चुकतं.

समतोल म्हणजे रिअॅक्शन थांबली, असंच ना?

नाही. ऐरोली-मुलुंड पूल घ्या. दुपारी तासाला जितक्या गाड्या ऐरोलीकडे येतात तितक्याच मुलुंडकडे जात असतील, तर दोन्ही गावांतल्या गाड्यांचा आकडा हलणार नाही. पण पूल रिकामा नसतो. शिवाय दोन्हीकडचा आकडा सारखाच असायला हवा असंही नाही, ऐरोलीत पाच हजार आणि मुलुंडमध्ये पन्नास हजार असू शकतात. उलटसुलट चालणाऱ्या अभिक्रियेत असंच होतं. पुढे जाण्याचा वेग आणि मागे येण्याचा वेग सारखे झाले की समतोल.

मग तापमान वाढवलं की समतोल कोणत्या बाजूला जातो?

उष्णता शोषणाऱ्या बाजूला. सरळ अभिक्रिया उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी असेल तर उत्पादितं वाढतात, उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी असेल तर कमी होतात. थंड केलं की याच्या उलट. फ्रेंच शास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये हे तत्त्व मांडलं. त्याच वर्षी हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांनी तापमानाचं हेच गणित स्वतंत्रपणे लिहिलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, त्यांनाच मिळालं.

पण गरम केल्यावर दोन्ही बाजूंचे वेग वाढतात ना? मग सरकतो कसा?

वर्षाकाठी एखादाच विद्यार्थी हे विचारतो, पण खरा प्रश्न हाच. वेग दोन्ही बाजूंचे वाढतात, सारखे वाढत नाहीत.

आकडे घालून बघू. समजा एका उष्मादायी अभिक्रियेत पुढे जायला ६० किलोज्यूलचा चढ आहे. चढ म्हणजे अभिक्रिया घडायला रेणूंकडे असावी लागणारी किमान ऊर्जा. अभिक्रिया १०० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते, म्हणजे मागे यायला १६० किलोज्यूलचा चढ. तापमान ३०० केल्व्हिनवरून ३१० केलं. तापमान आणि वेग जोडणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्रात घातलं तर पुढचा वेग सुमारे २.२ पट होतो आणि मागचा जवळजवळ ८ पट. ज्याचा चढ मोठा, त्याला तापमानाचा फायदा जास्त. मागे येणारे रेणू वरचढ ठरतात, उत्पादितं कमी होतात, आणि मग पुन्हा कुठेतरी दोन्ही वेग जुळतात. या उदाहरणात समतोल स्थिरांक, म्हणजे समतोलाला उत्पादितं किती आणि मूळ पदार्थ किती हे प्रमाण सांगणारा आकडा, साडेतीन पटींहून जास्त घसरला, तेही फक्त १० अंशांत.

ल शातेलिएचं तत्त्व हे याचं फळ आहे, कारण नव्हे. ‘यंत्रणा बदलाला विरोध करते’ हे वाक्य पाठ करायला सोपं आहे. मला मात्र ते आवडत नाही. रेणू कशाला विरोध करतील? ते आपले धडकत असतात.

संहती (द्रावणात किंवा वायूत पदार्थ किती दाट आहे ते) बदलली तरी समतोल सरकतो, तापमान बदललं तरी सरकतो. फरक काय?

संहती किंवा दाब बदलला तर समतोल स्थिरांक, म्हणजे के, तसाच राहतो. मिश्रणच स्वतःला हलवून पुन्हा त्या आकड्यावर येतं. तापमान बदललं तर खुद्द के बदलतो. सीईटीत यावर हटकून एक प्रश्न असतो आणि निम्मा वर्ग त्यात अडकतो. के बदलणारी गोष्ट एकच, तापमान. उत्प्रेरक (वेग वाढवणारा पदार्थ) टाका, दाब वाढवा, अर्गॉन सोडा, के जागचा हलत नाही.

समीकरणात ‘+ उष्णता’ लिहून सोडवलं तर चालेल का?

दिशा ओळखायला चालेल. मीही तसंच शिकवतो. पण उष्णता हा काही पदार्थ नाही, के च्या सूत्रात ती येत नाही. त्या युक्तीवर गणितं सोडवायला गेलात की घसरलात.

डोळ्यांनी दिसेल असं एखादं उदाहरण सांगा.

दोन सांगतो.

पहिलं प्रयोगशाळेतलं. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हा रंगहीन वायू फुटून नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात, आणि तो तपकिरी असतो. फुटायला मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल लागतात. म्हणून बंद काचनळी बर्फात ठेवली की रंग फिकट पिवळा होतो, गरम पाण्यात ठेवली की गडद तपकिरी. पुन्हा बर्फात, पुन्हा फिकट. कितीही वेळा करा. हा वायू विषारी आहे, त्यामुळे नळी सीलबंदच हवी आणि सर समोर हवेत.

दुसरं ठाण्याच्या कुठल्याही सोसायटीत बघायला मिळेल. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला काचेची एक बरणी लटकलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. आत सिलिका जेलचे खडे असतात. जुन्या प्रकारचे खडे कोरडे असताना निळे असतात, कारण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. जुलै उजाडला की आपली दमट हवा शोषून ते खालून गुलाबी होत जातात. ते काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना तापवले की पाणी निघून जातं आणि निळे होतात. ओलावा घेताना उष्णता बाहेर, ओलावा सोडताना उष्णता आत. नव्या ब्रीदरमध्ये नारिंगी खडे दिसतील, कारण कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक आहे.

के किती बदलतो ते काढायचं कसं?

व्हान्ट हॉफचं समीकरण वापरायचं:

नैसर्गिक लॉग (के२ ÷ के१) = (डेल्टा एच ÷ आर) × (१/टी१ − १/टी२)

वरच्याच तपकिरी वायूचं घ्या. डेल्टा एच, म्हणजे अभिक्रियेची उष्णता, ५७,२०० ज्यूल, आर हा वायू स्थिरांक ८.३१४, टी म्हणजे तापमान २५ वरून १०० अंश सेल्सिअस, म्हणजे २९८ आणि ३७३ केल्व्हिन. डेल्टा एच भागिले आर सुमारे ६,८८०. कंसातला फरक ०.०००६७५. गुणाकार ४.६४. म्हणजे के सुमारे १०० पट. पंचाहत्तर अंशांत शंभर पट, म्हणूनच रंग एवढा उघड बदलतो.

मुलं चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. कुणी सेल्सिअस तसंच घालतं. कुणी डेल्टा एच किलोज्यूलमध्ये ठेवून आर ज्यूलमध्ये घेतं, गुणाकार हजारपटींनी चुकतो आणि तरी उत्तराखाली दोन रेघा ओढलेल्या असतात. आणि हे समीकरण डेल्टा एच तापमानाबरोबर बदलत नाही असं धरून चालतं. शंभर-दीडशे अंशांच्या टप्प्यात ते खपतं, हजार अंशांच्या उडीत खपत नाही.

अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते. मग कारखान्यात ४०० ते ५०० अंशांना का बनवतात? थंडच ठेवायला नको का?

या धड्यातला सगळ्यात रसाळ प्रश्न. नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया, आणि ९२ किलोज्यूल बाहेर. दाब बारमध्ये मोजला तर २५ अंशांना के सुमारे ६ लाख आहे. ४०० अंशांना तो ०.०००१६ च्या आसपास येतो, ५०० अंशांना जवळपास ०.००००१५. सुमारे १९० अंशांच्या पुढे गेलं की के एकच्या खाली.

म्हणजे कागदावर बघितलं तर अमोनिया थंडीतच बनवावा. पण नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध इतका घट्ट आहे की साध्या तापमानाला वर्षानुवर्षं वाट बघितली तरी हाती काही लागत नाही. ‘किती’ उत्तम, ‘किती लवकर’ शून्य. म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक चालेल इतकं तापमान घ्यायचं, त्यात गेलेलं उत्पादन दीडशे-अडीचशे बार दाब देऊन थोडं परत मिळवायचं, आणि तयार झालेला अमोनिया गार करून द्रवरूपात काढून घ्यायचा. एका फेरीत साधारण १५ टक्केच वायू बदलतो. उरलेला पुन्हा फिरवतात. खाडीपलीकडे चेंबूरला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा जो कारखाना आहे, तिथल्या खताच्या मुळाशीही हीच अभिक्रिया आहे.

जाता जाता: खुद्द ल शातेलिए यांनी १९०१ च्या सुमारास हा प्रयोग करून पाहिला होता. मिश्रणात हवा शिरली, स्फोट झाला आणि त्यांनी नाद सोडला. पुढे हाबर यांनी तो जमवला, बॉश यांनी कारखान्यात उतरवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला उत्पादन सुरू झालं. तत्त्व ज्यांचं, अमोनिया त्यांच्या हातून निसटला.

सर, तुम्ही प्लांटमध्ये हे खरंच वापरायचात का, की फक्त पुस्तकात?

रोज. आणि एकदा चुकीच्या बाजूनं वापरलं तेही सांगतो.

सल्फर डायऑक्साइडपासून सल्फर ट्रायऑक्साइड बनतो तेव्हा मोलमागे सुमारे ९९ किलोज्यूल बाहेर पडतात. कन्व्हर्टर म्हणजे एक उंच टाकी, तिच्यात उत्प्रेरकाचे, म्हणजे व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचे चार थर. आम्ही त्यांना बेड म्हणायचो. वायू पहिल्या बेडमध्ये ४२० अंशांना शिरतो आणि स्वतःच्याच उष्णतेनं ६०० च्या आसपास पोचून बाहेर येतो. तिथे समतोल त्याला अडवतो, साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही. मग तो गार करून दुसऱ्या बेडमध्ये, पुन्हा गार करून तिसऱ्यात. प्रत्येक वेळी थंड केलं की समतोल आणखी थोडी वाट मोकळी करतो.

मी नवखा होतो. रात्रपाळी, बाहेर धो धो पाऊस, शेवटच्या बेडचं इनलेट तापमान ४२५ दाखवत होतं. ‘गरम केलं की रिअॅक्शन जोरात’ एवढंच डोक्यात. मी बायपास, म्हणजे वायूला गार करणाऱ्या यंत्राला वळसा देणारी वाट, थोडा उघडून ते ४५० ला नेलं आणि खूश होऊन चहा घ्यायला गेलो. परत आलो तर शिफ्ट इन्चार्ज रीच टेस्ट घेत बसले होते. या टेस्टमध्ये स्टार्च घातलेल्या आयोडीनच्या निळ्या द्रावणातून बाहेर जाणारा वायू सोडतात. तो निळा रंग लवकर उडाला, तर वायूत सल्फर डायऑक्साइड जास्त. त्या रात्री रंग बघता बघता उडाला. खाली गेटवरचा वॉचमन खोकायला लागला होता.

इन्चार्ज ओरडले नाहीत. म्हणाले, “पहिल्या बेडला घाई असते, शेवटच्याला हाव. हावरटाला थंडच ठेवायचं.” बायपास बंद केला, तासाभरात आकडा जागेवर आला. पहिल्या बेडमध्ये ‘किती लवकर’ महत्त्वाचं, शेवटच्यात ‘किती’. माझा सगळा धडा त्या रात्रीचा आहे.

उत्प्रेरकानं समतोल सरकतो का?

नाही. तो दोन्ही बाजूंचा चढ सारखाच उतरवतो. पण त्याच्यामुळे कमी तापमानाला काम भागतं, आणि कमी तापमानाला उष्मादायी अभिक्रियेचा के चांगला असतो. आडून फायदा होतो तो असा.

तापमानाचा काहीच परिणाम होत नाही अशी अभिक्रिया असते का?

जवळपास तशी असते. अॅसिटिक अॅसिड आणि इथेनॉलपासून इथाइल अॅसिटेट बनतो, नेलपॉलिश रिमूव्हरसारख्या वासाचा. यात उष्णतेची देवघेव नगण्य आहे. के सुमारे ४ असतो आणि तापवलं तरी त्याच्या आसपासच राहतो. तरी फ्लास्क तापवतातच, वेगासाठी.

पाणी गरम केलं की त्याचा पीएच ७ च्या खाली येतो म्हणे. मग ते आम्ल झालं का?

पीएच उतरतो, आम्ल होत नाही. पाण्याचा रेणू हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांत फुटतो ती क्रिया उष्माग्राही आहे. तापवलं की दोन्ही आयन वाढतात, पण सारखेच वाढतात. म्हणून उदासीन पाण्याचा पीएच २५ अंशांना ७.०, ५० अंशांना सुमारे ६.६ आणि १०० अंशांना ६.१ च्या जवळ. ‘७ म्हणजे उदासीन’ हे वाक्य फक्त २५ अंशांपुरतं खरं आहे. शाळेत कुणी हे सांगत नाही आणि मग बारावीत धक्का बसतो.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा आणि या धड्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि पुस्तकातल्या बऱ्याच उदाहरणांपेक्षा तो मला जास्त भावतो. नायट्रोजन + ऑक्सिजन ⇌ २ नायट्रिक ऑक्साइड ही अभिक्रिया मोलमागे १८० किलोज्यूल शोषते. साध्या तापमानाला तिचा के इतका लहान आहे की दशांशचिन्हानंतर ३० शून्यं येतात, मग पहिला आकडा. म्हणूनच आपल्याभोवतीची हवा हवाच राहते. इंजिनच्या सिलिंडरमध्ये ज्योतीचं तापमान २,००० अंशांच्या वर जातं, समतोल उजवीकडे झुकतो आणि थोडा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो.

आता विचार करा. धूर बाहेर पडून गार झाला की तो पुन्हा नायट्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला हवा. समतोल तेच सांगतो. होत नाही, कारण तो क्षणार्धात गार होतो आणि मागे जायला लागणारा वेगच उरत नाही. गरम असतानाचं मिश्रण थंडीत तसंच अडकून पडतं. पुढे हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, वरच्या काचनळीतला तोच तपकिरी वायू. सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याला परतीची वाट मोकळी करून देतो.

चुन्याची भट्टी उघडी असते. तिथे समतोल असतो का?

नसतो, आणि असू नये हेच बरं. चुनखडी फुटून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो, मोलमागे १७८ किलोज्यूल लागतात. साधारण ९०० अंशांना त्या वायूचा दाब वातावरणाइतका होतो. भट्टीतून वायू निघून जात राहतो, म्हणून अभिक्रिया परत फिरत नाही. पानाला लावता तो चुना याच भट्टीतून निघतो, पुढे त्यात पाणी पडतं एवढंच.

मे महिन्यात तलावातले मासे वर येऊन तोंड का उघडतात?

ही रासायनिक अभिक्रिया नाही, पण नियम तोच. ऑक्सिजन पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून पाणी तापलं की तो कमी मावतो. शून्य अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तलावपाळीवर मे महिन्यात भल्या पहाटे फिरायला गेलात तर बघा. रात्रभर शेवाळ्यानंही ऑक्सिजन वापरलेला असतो. सोड्याची बाटली उन्हात राहिली की लवकर बेचव होते, त्यामागेही हेच.

घरी करून बघता येईल असं काही?

भाताची पेज घ्या, चमचाभर. ग्लासभर पाण्यात पातळ करा. त्यात टिंक्चर आयोडीनचा एकच थेंब. द्रावण फिकट निळं व्हायला हवं, काळपट झालं तर आणखी पाणी घाला. आता ते छोट्या भांड्यात मंद आचेवर ठेवा. स्टार्चच्या वेटोळ्यात आयोडीन अडकतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापवल्यावर ते सुटतं आणि निळा रंग विरतो. आच बंद करून भांडं गार पाण्यात ठेवा, निळा परत येतो. दोन-तीनदा जमेल.

वर झाकण ठेवा आणि उकळत ठेवू नका, नाहीतर आयोडीन वाफेबरोबर निघून जाईल आणि कितीही गार केलं तरी रंग परतणार नाही. वर्गातल्या एकीनं मागच्या वर्षी फोन केला होता, “सर, निळा येतच नाहीये.” भांडं वीस मिनिटं उघडं उकळत होतं. पेज ओतून द्या, पिऊ नका, आणि भांडं घरच्यांना देण्याआधी तुम्हीच घासून ठेवा.